घासलेली चरवी

कार्तिक निम्मा सरला की आमच्या गल्लीत चीक फिरायला लागतो. पूर्वी तो चरवीतून फिरायचा, आता प्लास्टिकच्या पिशवीतून फिरतो. दूधवाली खालूनच हाळी देते, "आज्जी, म्हस व्यालीया, चीक ठिवलाय बगा," आणि पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवून पुढच्या दाराला जाते. माझी पुतणी तो चीक वर आणते, गूळ घालते, जायफळ किसते आणि कुकरमध्ये खरवस लावते. तो गोड, जड वास घरभर पसरतो आणि मी उठून गॅलरीत जाऊन बसते. मी खरवस खात नाही. घरच्यांना वाटतं, साखरेच्या दुखण्यामुळं. मीही तसंच वाटू देते. ह्या वयात माणसानं किती गोष्टी उलगडून सांगायच्या? बोलतानाच दम लागतो.

तसे हे दिवस चांगले. पाऊस आवरलेला असतो, चिखल वाळलेला असतो, थंडी अजून हाडात शिरलेली नसते. सांगलीच्या बाहेर पडलं की गुऱ्हाळांचा धूर लागतो, पाचट जळल्याचा वास अंगावरच्या लुगड्यात बसतो. म्हशी वितात त्या ह्याच दिवसांत. लोक खुशीत असतात. मलाच हे दिवस सोसत नाहीत. पन्नासएक वर्षं झाली, अजून सवय झाली नाही.

तेव्हा आम्ही साताऱ्याला होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. कॅम्पाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडं आमचं घर होतं, घराला लागून गोठा, गोठ्यात दोन म्हशी. ऊस लावण्याइतकं पाणी आमच्या रानाला नव्हतं. जोंधळा व्हायचा, कडबा व्हायचा, आणि म्हशींवर घर चालायचं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. आमचे हे पलटणीत. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, त्यांतले सगळे मिळून पाच महिने मला त्यांचे मिळाले, तेही रजेच्या तुकड्यातुकड्यांनी. मूलबाळ नव्हतं. त्यांचं नाव मी लग्नात उखाण्यापुरतं एकदा घेतलं, त्यानंतर नाही. आज नाव घेतलं तर कोणी रागवायचं नाही, पण जीभ वळत नाही, काय करणार.

महायुद्ध चाललं होतं. ते कुठं चाललंय हे आम्हाला कळायचं ते त्यांच्या पत्रावरून आणि पत्र कळायचं ते धोंडीबाबांमुळं. धोंडीबाबा पहिल्या लढाईतले पेन्शनर. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. ते चष्मा लावून पत्र वाचायचे आणि मधेमधे स्वतःच्या मेसोपोटेमियातल्या गोष्टी घुसडायचे, त्यामुळं पत्रात नेमकं काय आणि धोंडीबाबांचं काय हे आपण चाळून घ्यायचं. त्यांना सरकारनं पुन्हा कामाला लावलं होतं. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत सरकारनं शत्रूच्या मुलखातली गोरी माणसं आणून ठेवली होती, बायका, पोरं, पाद्री. तारेचं कुंपण नव्हतं, पण हद्द ठरलेली होती, तिच्याबाहेर जायचं तर चिठ्ठी लागायची. त्यातल्या एका फाटकावर धोंडीबाबा बसायचे, गुडघ्यावर काठी आडवी टाकून.

आम्हाला काय, गोरा तो गोरा. कलेक्टर गोरा, पलटणीतला साहेब गोरा, फाटकाआडची मड्डमही गोरी. त्यांच्या त्यांच्यात एवढं वैर असेल आणि त्या वैरापायी साताऱ्याचं माणूस समुद्रापार जाऊन पडेल, हे डोक्यात शिरत नव्हतं. धोंडीबाबा सांगायचे, "ही जर्मन हाईत. आपलं सरकार येगळं, ह्यांचं सरकार येगळं." आम्ही मान डोलवायचो आणि दूध मोजायचो.

त्या मड्डमकडं आमचा रतीब होता. बाई उंच, हाडापेरानं मोठी, उन्हानं तोंडावर तांबडे ठिपके आलेले. फ्रॉक विटलेला, कोपरावर ठिगळ, पण ठिगळही इस्त्री केलेलं. तिच्या नवऱ्याला वर डेहराडूनकडं दुसऱ्या छावणीत ठेवलं होतं. जवळ दीड वर्षाची मुलगी, लीना. कापसासारखे केस. दूध आलं की ती फाटकाच्या गजांना धरून उभी राहायची आणि नाचायची.

आत्याबाईंचं आणि ह्या मड्डमचं जमलं कसं, ते सांगायला हवं. आत्याबाईंचं माहेर जत भागातलं. तिकडं घरात निम्मं कानडी चालतं. लग्न होऊन त्या साताऱ्याला आल्या आणि त्यांची ती बोली तोंडातल्या तोंडात वाळून गेली. इथं कोणाशी बोलणार? मी मेढ्याकडची, डोंगरातली, मला कानडीतलं ओ का ठो कळायचं नाही. म्हशीला मात्र आत्याबाई कानडीतून शिव्या द्यायच्या. आणि एके दिवशी मागोमाग फाटकापर्यंत आलेल्या म्हशीला अशीच शिवी दिली तर आतून मड्डम हसली आणि कानडीतूनच काहीतरी म्हणाली. धारवाडकडं मिशनमध्ये दहा वर्षं काढलेली बाई ती. आत्याबाई डोक्यावरची दुधाची घागर धरून जागच्या जागी थबकल्या. नंतर घरी येईपर्यंत त्यांच्या तोंडावरचं हसू मावळलं नाही. मला म्हणाल्या, "सरू, माज्या आयवानी बोलती गं ती. हेल बी त्योच."

त्यानंतर रोज सकाळी फाटकापाशी दोघींची बैठक. ह्या बाजूला आत्याबाई, त्या बाजूला मड्डम, मधे गज. काय बोलायच्या कोण जाणे. हातवारे नाहीत, खाणाखुणा नाहीत, एका ओसरीवर बसलेल्या दोन बायका बोलतात तशा बोलायच्या. मी बाजूला उभी राहून पायानं माती उकरायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. चार वर्षं सून म्हणून राबले, माझ्याशी आत्याबाई इतकं कधी बोलल्या नव्हत्या.

त्या कार्तिकात आमची थोरली म्हैस व्याली. चीक वाटला. रतीबाच्या सगळ्या घरी द्यायचा, म्हणून मड्डमकडंही आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं छोट्या पितळी चरवीतून चीक नेऊन दिला. आता चिकाच्या भांड्याची रीत सगळ्यांना ठाऊक असते. चिकाचं भांडं घासून परत करायचं नाही आणि रिकामंही परत करायचं नाही. तसंच ठेवून, आत गुळाचा खडा नाहीतर चिमूटभर जोंधळे टाकून द्यायचं. घासून दिलं तर म्हैस आटते, तिच्या रेडकाला धोका होतो. हे सांगावं लागत नाही, म्हणून आत्याबाईंनी सांगितलं नाही. बाई माहेरची बोली बोलते म्हटल्यावर तिला माहेरच्या रीतीही ठाऊक असणार असं त्या धरून चालल्या. बोली आणि रीत एकाच दावणीला बांधलेल्या असतात असं आपल्याला वाटतं. त्या बाईनं बोली उचलली होती, चुलीपुढं मात्र ती कधी बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मड्डम स्वतः चरवी घेऊन आली, धोंडीबाबांना सांगून, हद्दीबाहेर पन्नास पावलं टाकून, आमच्या दारात. राख आणि लिंबू लावून अशी घासली होती की तीत तोंड दिसावं. आतून बाहेरून लखलखीत. आणि रिकामी. केवढ्या अभिमानानं पुढं केली तिनं! आत्याबाईंचा चेहरा उतरला. पण दारात आलेल्या माणसाला टोकायचं नाही म्हणून त्यांनी चरवी घेतली, हसल्यासारखं केलं आणि ती गेल्यावर चरवी उपडी घालून ठेवली.

त्याच दुपारी तार आली.

धोंडीबाबांनीच वाचली. वाचताना त्यांचा आवाज फाटला नाही की काही नाही. पलटणीत हुकूम वाचतात तशी सरळ वाचली. इटली नावाच्या मुलखात आमचे हे पडले. मग धोंडीबाबांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "जर्मनच्या गोळीनं." तारेत तेवढं नव्हतं, असं मला पुढं कळलं, वाचायला शिकल्यावर. ते त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. जुना शिपाई, माणूस कोणाच्या गोळीनं मेलं हे सांगितल्याशिवाय त्याला बातमी पुरी झाल्यासारखं वाटलं नसणार.

चौथ्या दिवशी रेडकू मेलं. धडधाकट रेडकू, सकाळी पाय झाडले आणि दुपारी गेलं. म्हैस पान्हा चोरायला लागली. कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं उभं केलं तरी ती हुंगून तोंड फिरवायची. आत्याबाई दिवसभर भिंतीला टेकून बसायच्या, न रडता. एकदाच बोलल्या. "माजं भांडं घासलं तिनं. माजं घर घासलं."

मी मात्र ते वाक्य उचललं आणि त्याच्यावर जगायला लागले.

तेरावा झाला. देह नाही, राख नाही, नुसता तेरावा. त्यानंतर रतीब मीच घालायला लागले, कारण आत्याबाई फाटकाकडं पाऊल टाकेनात आणि धाकट्या म्हशीचं दूध घरात ठेवून काय करणार? मोकळ्या कपाळानं सकाळी बाहेर पडायची. थंडी पडलेली. ओढ्यावर धुकं. गोठ्याच्या मागं म्हशी लोळायचं डबकं होतं, हिरवं, वास मारणारं. पहिल्या दिवशी मी मड्डमच्या वाटणीचं दूध वेगळं केलं, त्या डबक्यापाशी गेले, ओंजळभर पाणी घेतलं आणि दुधात सोडलं. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच.

ती दूध तापवूनच घेत असणार हे मलाही कळत होतं. मारायचं होतं का मला? नाही. एवढा विचार करायची ताकदच नव्हती. आमच्या म्हशीनं ज्यात लोळावं ते पाणी ह्या गोऱ्या लोकांच्या पोटात जावं, एवढंच मला हवं होतं. माझा संसार मातीत घातला, आता घ्या माती प्यायला. फाटकाशी ती बाई भांडं पुढं करायची, डोळे खाली घालायची. तिला धोंडीबाबांकडून आमचं कळलेलं होतं. एकदा तिनं गजांतून हात काढून माझ्या दंडाला लावायला बघितला. मी दंड मागं घेतला आणि दूध ओतलं. लीना नाचत होती. मला बरं वाटलं. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, पण वाटलं, खूप बरं वाटलं. तेवढ्या दिवसांत मला बरं वाटलेली तेवढीच एक गोष्ट होती.

माझ्या पुतणीचा मुलगा सकाळी पेपर वाचता वाचता म्हणतो, अमुक लोक, त्यांची जातच तसली. पोरगा गुणी आहे, मला गोळ्या वेळेवर देतो. मी काही बोलत नाही. बोलायला गेले तर मला त्या डबक्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तोवर त्याची ऑफिसची वेळ होईल. द्वेष करणारी माणसं राक्षसासारखी दिसत असती तर बरं झालं असतं. बावीस वर्षांची एक बाई, थंडीनं हात उललेले, ओंजळीत पाणी घेऊन उभी, असाच द्वेष दिसतो. मला तरी तेवढाच ठाऊक आहे.

पौष लागला आणि एका सकाळी फाटकाशी मड्डम आली नाही. धोंडीबाबांनी भांडं पुढं केलं. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, की पोरीला हगवण लागलीय, तीन दिवस झाले, डॉक्टर दोनदा येऊन गेला, पोटात पाणी ठरत नाही. "डोळं पांढरं करतीया," म्हणाले.

मी घरी कशी आले ते आठवत नाही.

माझ्या पाण्यानंच ते झालं का? पुढं मी शिकले, मिरजेला सुईणीचं शिक्षण घेतलं, तीस वर्षं त्या कामात काढली. तान्ही पोरं हगवणीनं कशी सुकतात ते शेकड्यांनी पाहिलं. दूध तापवलं असेल, पण कच्च्या दुधाचं भांडं नीट विसळलेलं नसेल. नाहीतर त्या वर्षी साताऱ्यात साथच असेल. बाकीच्या बंगल्यांतली पोरंही आजारी होती म्हणतात. शिकल्यावर मला वाटलं होतं, आता तरी ह्याचा निकाल लागेल. लागला नाही. शिकलेल्या माणसाला फक्त शक्यता जास्त दिसतात.

आत्याबाई परड्यात गोवऱ्या थापत होत्या. मी त्यांच्यापुढं उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं, डबक्यापासून. त्या थापत राहिल्या. हातातली गोवरी पुरी केली, तिच्या कडा नीट केल्या, मग हात धुतले. मला वाटलं आता मारतील, नाहीतर म्हणतील, बरं केलंस. दोन्हींसाठी मी तयार होते.

त्या म्हणाल्या, "माजा ल्योक कुनी मारला, मला ठावं न्हाई. त्या पोरीला कोन मारतंय, त्ये मातुर आज कळलं. ऊट. पदर घे."

तांदळाची पेज केली, मीठ घातलं, डाळिंबाची साल उगाळून घेतली. धोंडीबाबांनी फाटक उघडलं, चिठ्ठीबिठ्ठी काही विचारलं नाही. मी पहिल्यांदाच त्या बंगल्यात पाऊल टाकलं. आत खाट, टेबल, दोन पुस्तकं, खिडकीत वाळत घातलेली पोरीची दुपटी. दुपट्यांची ओळ संपतच नव्हती. मड्डमचे केस सुटलेले, डोळे खोल गेलेले. आत्याबाईंना पाहिल्यावर तिनं कानडीतून काहीतरी विचारलं, आत्याबाईंनी काहीतरी सांगितलं आणि पोर उचलून मांडीवर घेतलं. सुकून एवढीशी झाली होती. आत्याबाई बोटानं पेज चाटवायला लागल्या, एक बोट, मग थांबायचं, मग एक बोट. मधे डॉक्टरची पावडर. ओकली तर पुसायचं आणि पुन्हा एक बोट.

दुपार झाली. मी उंबऱ्यापाशी बसलेली. शेवटी मला सहन होईना. मी आत्याबाईंना म्हटलं, तिला सांगा. मला तिची बोली येत नाही, तुम्ही सांगा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, सांगा, नाहीतर मी डबक्याचं पाणी आणून तिच्यासमोर दुधात ओतून दाखवते.

आत्याबाईंनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. मग मड्डमकडं न बघता कानडीतून बोलल्या. सावकाश, दोन-तीन वाक्यं. मला त्यांतला एकच शब्द कळला. "नानु." नानु म्हणजे मी. एवढं कानडी त्यांच्या हाताखाली राहून मलाही आलं होतं. म्हशीला बडवताना त्या म्हणायच्या, नानु आहे म्हणून ऐकून घेते. आत्याबाईंनी माझं पाप स्वतःच्या नावावर घेतलं होतं.

मी उठले. माझ्याकडं बोट करून म्हटलं, नानु. त्यांच्याकडं बोट करून मान हलवली, नाही, नाही. पुन्हा स्वतःच्या छातीवर हात मारला, नानु. आत्याबाई मराठीतून म्हणाल्या, "गप बस की गं. तुजा सारा जलम जायाचाय. माजं काय ऱ्हायलंय?"

मड्डमनं आमच्या दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. तिला कळलं. ती माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. जोरात, पुरुषानं मारावी तशी. माझ्या कानात गूं आवाज सुरू झाला. मी हललेही नाही. दुसरा गाल पुढं करावा असं काही मला सुचलं नाही, मी काही संत नव्हे. मात्र महिनाभरात कोणीतरी माझ्याशी खरं वागलं असं वाटलं, आणि मी तिथंच बसून ओक्साबोक्शी रडले. तारेच्या दिवशीही मी तशी रडले नव्हते.

तिनं मला बाहेर काढलं. आत्याबाईंना नाही काढलं. आत्याबाई तीन दिवस तिथं राहिल्या, पोर मांडीवरून खाली न ठेवता. चौथ्या दिवशी पोरीनं स्वतःहून दूध मागितलं. आत्याबाई घरी आल्या त्या म्हातारपण आल्यासारख्या, पाय ओढत. मी त्यांचे पाय चेपले. त्यांनी सांगितलं, की चरवीचं तिला विचारलं. ती बिचारी म्हणाली, चीक आणून दिला, एवढा मान केला, म्हणून अर्धा दिवस घासत बसले होते. "माजीच चूक," आत्याबाई म्हणाल्या. "म्या सांगितलंच न्हाई." आणि मग थोड्या वेळानं, "तिचा भाऊबी तिकडंच लढाईत हाय म्हनं. जित्ता हाय का न्हाई, ठावं न्हाई." त्यापलीकडं तीन दिवसांत त्या दोघी काय काय बोलल्या ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांच्या बोलीतलं त्यांच्याजवळ राहिलं.

युद्ध संपलं, मग कधीतरी त्या लोकांना रेल्वेनं मुंबईकडं नेलं आणि तिथून बोटीनं. आत्याबाई स्टेशनवर गेल्या, मी गेले नाही. पुढं आत्याबाईंनी औंधाच्या यमाईला माझ्यासाठी म्हणून नवस बोलला आणि तो फेडायच्या आधी मला मिरजेला शिकायला धाडलं. भावकीतले लोक म्हणाले, तरणी विधवा दवाखान्यात पाठवता? त्या म्हणाल्या, तिला कामाची गरज हाय. एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या डोळ्यांपुढं शिकले, नोकरीला लागले, त्यांना माझ्याजवळ आणलं, माझ्या हातांत त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या फक्त कानडी बोलायच्या, आणि मला कळायचं नाही.

पण हे सगळं नंतरचं. मला अजून त्या माघातल्या सकाळी आठवतात, त्या सांगून टाकते.

लीना बरी झाली. रतीब कोणी मोडला नाही, कोणी चालू ठेवा असंही म्हटलं नाही. पण माझ्या हातचं दूध ती बाई आता कोणत्या तोंडानं घेणार आणि मी कोणत्या तोंडानं देणार? त्या काळी ज्या गवळ्यावर भरवसा नसे, त्याला लोक म्हैस दारात आणायला लावत आणि डोळ्यांदेखत धार काढून घेत. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच धाकट्या म्हशीला दावं लावलं आणि फाटकाशी नेलं. रस्त्यातले लोक विचारायचे, काय गं, तुमच्या दुधावर इश्वास न्हाई व्हय मड्डमचा? मी म्हणायची, न्हाई. म्हैस बुजायची, परक्या दारात पान्हा सोडायची नाही, अर्धा तास जायचा. मी आधी भांडं उपडं करून दाखवायची, आत हात फिरवून दाखवायची, मग खाली बसायची.

मड्डम समोर हाताची घडी घालून उभी राहायची. पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत भांड्यात बघायची. मी वर बघायची नाही, पण तिची नजर माझ्या बोटांवर आहे हे बोटांनाच कळायचं. लीनाला ती कडेवर घट्ट धरून ठेवायची. मी उठले की भांडं घेऊन आत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पौषातले उरलेले दिवस गेले, माघ गेला. माझी बोटं अशी दुखायची की भाकरी थापवायची नाही. दुधानं नाही, त्या नजरेनं. पण तिनं बघू नये असं मला एकदाही वाटलं नाही. बघायलाच हवं होतं. मी तिच्या जागी असते तर जन्मभर बघितलं असतं.

फाल्गुनाच्या तोंडाशी एका सकाळी मी भांडं उपडं करून दाखवलं आणि खाली बसले. थंडी कमी झाली होती. धोंडीबाबा काठीला टेकून पेंगत होते. मड्डमनं लीनाला कडेवरून खाली उतरवलं. पोर आजारातून उठून नुकतंच पुन्हा नीट चालायला लागलं होतं. मड्डमनं तिचा हात धरून तिला फाटकाबाहेर आणलं, माझ्या शेजारी, म्हशीच्या पोटाशी, माझ्या गुडघ्याला टेकून बसवलं. तिच्या हातात माझ्या लुगड्याचा काठ दिला. मी हात थांबवून वर पाहिलं. मड्डम माझ्याकडं बघत नव्हती. ती वळली आणि पाठ करून आत चालती झाली. पायऱ्या चढली, दारातून आत गेली, खिडकीतही आली नाही.

पोर माझ्या गुडघ्याशी होतं, दूध माझ्या हातात होतं आणि बघायला कोणी नव्हतं. म्हैस पाय हलवायला लागली, तिची धार खोळंबली होती. मी डोळे पुसले आणि दूध काढायला घेतलं.